खारं पाणी आमच्याच बोअरचं निघालं

गुहागरहून फोटो आला तेव्हा मी एका बोलेरोचा क्लच खोलून बसलो होतो. जीप सहा महिन्यांपूर्वी माझ्याच गॅरेजातून गेली होती. जुनी एमएम ५४०, गावातल्या गुरुजींची. मुलगा नोकरीला तिकडे म्हणून त्याच्यासाठी मी ती पार हाडापासून नवी केली होती. फोटोत चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, गोवर उठल्यासारखे फोड. एक नखाने फोडलेला, आत पाणी आणि बुडाशी पिवळा जंग. "समुद्राचा वारा, दुसरं काय," असं फोनवर सांगून मी मोकळा झालो. पण मन मानेना. दगड लागून रंग उडाला असता तर जंग वरून सुरू झाला असता. हे फोड रंगाच्या खालून वर आले होते.

कारण माझ्याच रॅम्पवर होतं. आमचा दर्यापूर तालुका पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्ट्यातला. इथल्या बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. ब्लास्टिंग करून, म्हणजे हवेच्या जोराने बारीक कणांचा मारा करून, पांढरी केलेली चेसिस मी त्याच पाण्याने धुतली, वाळवली आणि वर प्रायमर मारला. मीठ रंगाखाली कोंडलं गेलं. रंगातून ओलावा थोडा थोडा आत जातोच, खालचं मीठ तो ओढून घेतं आणि फोड उठतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठसुद्धा पाझरतं. कोकणात पावसाळाभर तेच हवामान. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ती चूक कितीतरी दिवस दडून राहिली असती. बाबांनी एका वाक्यात निकाल लावला, "तू त्याले मिठाचं पोतं बांधूनच धाडलं होतं नं बे."

जीप परत आणली, खर्च माझा. तेव्हापासून शेवटची धुलाई नळाच्या गोड पाण्याने, तेही ब्लास्टिंगच्या आधी. खड्ड्यांत बसलेलं मीठ नुसत्या ब्लास्टिंगने निघत नाही. धुवायचं, वाळवायचं, मग ब्लास्ट करायचं. त्यानंतर पाणी नाही आणि घामेजल्या हाताचा स्पर्शही नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडून द्यायचं, नाहीतर हवेबरोबर तेच पत्र्यावर येतं. त्याच दिवशी, शक्यतो तीन-चार तासांत, इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साईड खिडकीच्या ग्रिलला ठीक. मे महिन्यात दुपारी रंगाची गन हातात धरू नका. पंचेचाळीस डिग्रीत प्रायमर पत्र्यावर पोचेपर्यंत वाळतो, हात फिरवला की पीठ लागतं. मी पहाटे मारतो. हिवाळा मिळाला तर उत्तमच.

आयटीआय करून येणाऱ्या पोरांना इंजिन खोलायची घाई असते. मी त्यांच्या हातात आधी छोटी हातोडी देतो. चेसिसचे बंद भाग, बॉडीचे माउंट, फ्लोअरखालच्या टोपीसारख्या पट्ट्या ठोकत जायचं. टण्ण वाजलं तर पुढे, भद्द वाजलं तिथे खडूची खूण. आपल्याकडच्या गाडीत या पोकळ्यांत काळी माती ठासून भरलेली असते. गुरुजींच्या जीपच्या एका पट्टीतून मी पेचकसने घमेलंभर माती उकरली. मध्यभागी ती अजून ओलसर होती, आणि गाडी दोन महिने शेडमध्ये उभी होती! मातीने निचऱ्याची भोकं बुजलेली. ती मोकळी करा, लहान असतील तर मोठी करा आणि शेवटी लांब नळीने आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ्यांत मारायचं मेण, फवारा. वॅक्स भोकातून गळायला लागलं की आत पोचलं समजा.

ग्राइंडर लावण्याआधी चेसिस नंबर कुठे ठोकलाय ते शोधून त्यावर जाड टेप लावा. तो घासला गेला तर रंग कितीही सुंदर असो, आरटीओच्या फिटनेस तपासणीला गाडी अडकते.

जंगावर थेट रबर कोटिंग मारू नका. खाली पाणी साचतं आणि वरून सगळं काळंभोर, छान दिसत राहतं. जळकं ऑईल फासायची जुनी रीतही नको, रबराचे बुश फुगतात. ब्रेकच्या नळ्या कुप्रोनिकलच्या (तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या) टाकल्या तर थोड्या महाग पडतात, पण खाऱ्या हवेत स्टीलपेक्षा कितीतरी टिकतात. अर्थिंगच्या जागा घासून, घट्ट करून वर ग्रीस. अर्ध्या 'इलेक्ट्रिक' तक्रारी तिथेच मिटतात.

आणि खोलल्याशिवाय आकडा सांगू नका. मी सांगितला होता. पट्ट्या उघडल्यावर मजुरीच अंगावर आली.

गुरुजींचा मुलगा आता दर रविवारी जीप खालून धुतो. विहिरीचं पाणी वापरतो, गोड आहे म्हणाला. मी विचारलं, चव घेऊन पाहिली का?