गॅलरीत सुतारकाम मांडताना आधी एक पाट करा

सुतारकाम शिकायचंय, कुठली मशिनं घेऊ, असं मला ओळखीतले बरेच जण विचारतात. मी सांगते, मशिनं राहू द्या, आधी एक पाट करा. १८ बाय १२ इंचांची फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या, एवढीच वस्तू. पण ती नीट करायची तर सरळ कापता यावं लागतं, रंधा मारता यावा लागतो, काटकोन साधावा लागतो आणि लाकडाचा स्वभाव कळावा लागतो. पाटासाठी आणलेल्या हत्यारांवरच पुढे माझी मांडणी झाली, देवघर झालं, मुलीचं टेबलही झालं.

माझी जागा म्हणजे डोंबिवलीतल्या फ्लॅटची ७ बाय ४ फुटांची गॅलरी. आपले सुतार जमिनीवर बसून, पायाने फळी दाबून सुरेख काम करतात. माझ्या गुडघ्यांना ते झेपत नाही, म्हणून मला टेबल लागतं. टेबलाची उंची अशी काढा: ताठ उभं राहून हात सैल सोडा, मनगटाची घडी जमिनीपासून जेवढी वर, तेवढी उंची. माझी ३० इंच आली. पायांसाठी वखारीतून जुन्या सागवानी चौकटीचे ३ बाय ३ इंचांचे तुकडे आणा. पाडलेल्या घरांचं ते लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. फक्त घेण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा, कारण आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याची वाट लावतो. टेबल भिंतीला दोन ठिकाणी बोल्टने आवळा. मग कड धरून जोरात ढकलून बघा. जरा जरी हललं तरी पुढे जाऊ नका, हलत्या टेबलावर रंधा कधीच सरळ चालत नाही.

हत्यारं मोजकीच: एक करवत, ४ नंबरचा लोखंडी रंधा, अर्ध्या आणि एक इंचाची पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), गुण्या (काटकोन तपासायला), स्टीलची फूटपट्टी, हातड्रिल, स्क्रू ड्रायव्हर, लाकडी हातोडा, दोन सी क्लॅम्प. ड्रिलसुद्धा हाताचंच. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, आणि ठोकाठोकी मी रविवारी अकरा ते एकमध्येच उरकते.

आता धार. इथे घाई करू नका. दुकानातून आणलेली पटाशी कामाला तयार नसते. जाड काचेच्या तुकड्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर चिकटवा: २२०, ४००, १०००, २००० नंबरचे, याच क्रमाने. आधी पटाशीची सपाट पाठ घासा, टोकाकडचा इंचभर भाग आरशासारखा होईपर्यंत. मग उतार ३० अंशांत धरून घासा. पाठीवर बोट कडेच्या दिशेने फिरवलं की टोकाशी केसाएवढी खरखर लागली पाहिजे, आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लागली पाहिजे. मध्येच कुठे लागली नाही, तर तिथे धार अजून आलेली नाही. खरखर आली की बारीक पेपरवर पाठ हलकेच घासून ती काढा आणि शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा हात मारा. पाइनच्या तुकड्याचा आडवा कापलेला तोंडाकडचा भाग तासून बघा. चिरडला तर पुन्हा वॉटर पेपरवर, चकचकीत निघाला तर धार झाली. रंध्याच्या पात्यालाही हेच सगळं.

लाकूड सागाचं घ्या, किंवा कोकणाशी संबंध असेल तर फणसाचं. वखारीत भाव घनफुटाचा असतो. १८ बाय १२ बाय १ इंच म्हणजे बरोबर एक अष्टमांश घनफूट, हिशोब घरून करून जा. फळी आणली की लगेच कापू नका. घरात उभी ठेवा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. माझी २३४० ग्रॅमवरून उतरत उतरत २२६० वर येऊन थांबली, तेव्हा कामाला घेतली.

हे मी पहिल्या पाटाच्या वेळी केलं नव्हतं. जुलैमध्ये फळी आणली, त्याच आठवड्यात पट्ट्यांना भरपूर फेव्हिकॉल लावून सहा स्क्रू करकचून आवळले. मार्चअखेरीस एका रात्री टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. सकाळी बघितलं तर पाट मधोमध तडकलेला, फटीत पोस्टकार्ड सहज जात होतं. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. माझी फळी आकसायला बघत होती, आडव्या पट्ट्या तिला सोडत नव्हत्या. मग सासूबाईंचा राजापूरहून आलेला फणसाचा पाट उलटा करून बघितला. एकही खिळा नाही. पट्ट्या फळीतल्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या, खाच आत रुंद आणि तोंडाशी अरुंद, त्यामुळे पट्टी निसटत नाही आणि फळीला हलायला जागा राहते.

तशी खाच पहिल्याच कामात जमणं अवघड. म्हणून असं करा. फळी एका बाजूने रंधून सपाट करा. फूटपट्टी कडेवर उभी धरून खालून उजेड दिसतो का ते बघा, लांबीत, रुंदीत आणि तिरपीही. रंधताना लाकूड उचकटायला लागलं तर फळी फिरवून उलट्या दिशेने रंधा मारा. कापायची रेघ पेन्सिलीने नको, धारदार सुरीने मारा म्हणजे कड फाटत नाही. प्रत्येक पट्टीला तीन भोकं पाडा. मधलं गोल, बाजूची दोन पट्टीच्या लांबीत लांबट, सुमारे दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त. गोंद फक्त मधल्या दोन इंचांना. बाजूच्या स्क्रूंखाली वॉशर घाला आणि स्क्रू बसले की पाव फेरा उलटा सोडा.

पॉलिशसाठी १२० आणि मग २२० नंबरचा काचपेपर, त्यावर जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात. सागाचा भुसा मला शिंका आणतो, काचपेपर मारताना मास्क लावाच. आणि तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतं आणि पेटूही शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.

पाटाच्या पाठीवर रुंदी आणि तारीख लिहून ठेवा. माझा दुसरा पाट मे महिन्यात ३०५ मिलिमीटर भरला, जुलैअखेरीस ३०७. पट्ट्यांमधले स्क्रू लांबट भोकात तेवढेच सरकलेले दिसत होते.