लॅपटॉपची जुनी बॅटरी सेल बदलायला कुरिअरने पाठवताय? या चुका टाळा

दापोली, देवगड, वेंगुर्ल्यासारख्या गावांत लॅपटॉपची बॅटरी उघडून नीट सेल बदलून देणारा माणूस सापडणं कठीण. म्हणून पॅक, म्हणजे आतल्या सेलांसकट सबंध बॅटरी, मुंबई, पुणे किंवा त्याहून लांबच्या सर्व्हिसकडे कुरिअरने जातो आणि सेल बदलून परत येतो. काम चांगलं झालं तर जुना लॅपटॉप पुन्हा तीन-चार तास बॅकअप देतो. बिघडलं, तर त्याचं कारण बऱ्याचदा पॅक घराबाहेर पडण्याआधीच्या गडबडीत असतं, नाहीतर परत आल्यावर तो न तपासता स्वीकारण्यात.

दोष बॅटरीचाच आहे हे न पाहता ती पाठवणं

चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबतं म्हणून बॅटरी गेली असं समजू नका. लेनोवो, आसुस आणि इतरही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बॅटरीचं आयुष्य वाढवण्यासाठी चार्जिंगची मर्यादा ठरवून देणारं सेटिंग असतं. आधी ते बंद करून बघा. डेलच्या अनेक अ‍ॅडॅप्टरच्या टोकात मधोमध एक बारीक पिन असते. ती वाकली किंवा तुटली की लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरवर चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही. त्यात बॅटरीचा काही दोष नसतो.

आपल्याकडचं खास कारण म्हणजे खारं, दमट वारं. काढता येणारी बॅटरी बाहेर काढून तिच्या धातूच्या पट्ट्या आणि लॅपटॉपच्या बाजूच्या पिना उजेडात बघा. हिरवट किंवा पांढरट थर दिसला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, अर्धा तास वाळू द्या आणि मग बॅटरी बसवा. पितळेच्या भांड्यांसारखं इथे चिंच-आमसूल किंवा लिंबू लावू नका. आम्ल पिनांच्या बुडाशी मागे राहतं आणि गंज आणखी वाढतो.

मग आकडे पाहा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ ही कमांड इंग्रजी अक्षरांत (powercfg /batteryreport) द्या. तयार होणाऱ्या फाइलमध्ये ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. ११.१ व्होल्ट, ४,४०० एमएएचच्या (मिलिअँपिअर-तासांच्या) पॅकची मूळ क्षमता सुमारे ४८,८०० मिलिवॅट-तास असते. पूर्ण चार्जचा आकडा त्याच्या निम्म्याखाली गेला असेल तरच सेल बदलण्याचा विचार करा. या फाइलची एक प्रत जपून ठेवा, पुढे लागेल.

मल्टिमीटर असलेल्यांची एक चूक नेहमी दिसते. सुट्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शून्य व्होल्ट दिसले की ती मेली असं ठरवून टाकतात. पण अनेक पॅक लॅपटॉपकडून इशारा मिळेपर्यंत बाहेर वीज सोडतच नाहीत, त्यामुळे शून्य दिसणं नेहमीचंच आहे.

पाठवू नये अशी बॅटरी पाठवणं

सेल बदलण्याचं काम मुख्यतः जुन्या, जाड पॅकसाठी आहे. त्यांच्या आत १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब गोल सेल असतात, त्यांनाच १८६५० म्हणतात. नव्या सडपातळ लॅपटॉपमधले चपटे, पाकिटासारखे सेल नेमक्या मापाचे मिळणं अवघड असतं आणि हाताळताना पटकन इजा होते. तिथे नवा पॅक घ्यावा.

तुमच्या मॉडेलचा चांगला नवा पॅक अजून मिळत असेल, तर जुन्याचे सेल बदलण्याचा खटाटोप करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. मूळ पॅक बंद झालाय, किंवा लॅपटॉप परकी बॅटरी स्वीकारत नाही, अशा वेळी हा मार्ग खरा उपयोगी. उदाहरणार्थ, थिंकपॅडच्या टी४३० आणि एक्स२३० या मॉडेलचं बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम, बॅटरीची ओळख तपासतं. तिथे बॅटरीतला मूळ सर्किट बोर्ड ठेवून फक्त आतले सेल बदलणं हाच शहाणपणा.

फुगलेली बॅटरी मात्र कुरिअरने कधीच पाठवू नका. पुराचं पाणी लागलेली बॅटरीही त्यातलीच. चिपळूणमध्ये जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या लॅपटॉपचे पॅक वाळवून वापरात आणण्यासारखे नव्हतेच, कारण चिखलपाणी बोर्डाच्या बारीक रेषांमध्ये शिरलं की महिन्यांनीसुद्धा शॉर्ट होऊ शकतं. अशी बॅटरी लॅपटॉपमधून काढा, चार्जरपासून दूर, घराबाहेर पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा. किनाऱ्यावरची वाळू त्यासाठी आणू नका. तिच्यात मीठ आणि ओल असते, त्यामुळे तिच्यातून वीज वाहू शकते.

‘आत काय आहे बघू’ म्हणून पॅक उघडणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. पॅकच्या आत सेलांबरोबर एक छोटा बोर्ड असतो. त्यावरची चिप प्रत्येक ओळीतल्या सेलांचं व्होल्टेज मोजते, किती चार्ज आत गेला आणि किती बाहेर आला याचा हिशेब ठेवते. सेल चुकीच्या क्रमाने सुटले, किंवा एखादी तार निघाली, की चिपला वाटतं मोठा बिघाड झालाय आणि ती स्वतःला कायमची कुलूपबंद करून घेते. काही बोर्डांवर अशा वेळी तीन पायांचा फ्यूज मुद्दाम जाळला जातो. मग नवे सेल टाकूनही पॅक चार्ज होत नाही. चिपचं कुलूप सॉफ्टवेअरने काढावं लागतं, आणि ते प्रत्येक चिपसाठी जमतं असं नाही. त्यातून चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हर सेलच्या वेष्टणात घुसला तर तिथल्या तिथे आग लागू शकते. पॅक बंदच पाठवा. आधीच कोणी उघडला असेल, तर ते सर्व्हिसला स्पष्ट सांगा.

सेलबद्दल न विचारता पैसे भरणं

‘नवीन सेल टाकून देऊ’ एवढ्यावर मान डोलवू नका. सेलची कंपनी, मॉडेल नंबर आणि क्षमता लेखी मागा. नामांकित कंपन्यांच्या नेहमी मिळणाऱ्या १८६५० सेलची क्षमता २,२०० पासून ३,५०० एमएएचच्या आसपास असते. कोणी ६,००० किंवा ९,९०० एमएएच लिहिलेला सेल दाखवला तर तो खोटा आहे, तिथेच व्यवहार थांबवा.

बॅटरीच्या लेबलवरचं व्होल्टेज इथे फार महत्त्वाचं आहे. १०.८, ११.१, १४.४ किंवा १४.८ व्होल्ट लिहिलं असेल तर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंत चार्ज होतो. ११.४ किंवा १५.२ लिहिलं असेल तर ती मर्यादा ४.३५ असते. या दुसऱ्या प्रकारच्या बोर्डाला साधे ४.२ व्होल्टचे सेल जोडले तर प्रत्येक चार्जला ते मर्यादेबाहेर भरले जातात. असे सेल तापतात, फुगतात आणि पेटूही शकतात. लेबलचा स्वच्छ फोटो पाठवून विचारा, ‘या पॅकसाठी किती व्होल्टचे सेल टाकणार?’ उत्तर गोलमोल आलं तर दुसरी सर्व्हिस शोधा.

सगळे सेल एकाच वेळी, एकाच मॉडेलचे आणि एकाच बॅचचे बदलले पाहिजेत. सहा सेलच्या पॅकमध्ये दोन-दोन सेल समांतर जोडून अशा तीन जोड्या एकापुढे एक लावलेल्या असतात. एका जोडीतले सेल जुने राहिले की ती जोडी आधी रिकामी होते आणि उरलेल्यांमध्ये चार्ज शिल्लक असतानाच लॅपटॉप बंद पडतो. ‘फक्त खराब सेल बदलतो, स्वस्तात होईल’ हे म्हणूनच मान्य करू नका.

जोडणीबद्दलही विचारा. सेलवर थेट सोल्डरिंग नको, उष्णतेने आतलं सील आणि पडदा खराब होतो. स्पॉट वेल्डिंगच हवं, म्हणजे विजेच्या क्षणिक झटक्याने ठिपक्याएवढ्या जागी केलेली जोडणी, आणि सेलांना जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची हवी. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी स्वस्त मिळते, आणि आपल्या किनाऱ्याच्या हवेत ती वेल्डच्या डागांपाशी गंजते. चुंबकाने फरक कळत नाही, कारण दोन्ही पट्ट्या चिकटतात. सर्व्हिसला म्हणावं, वापरणार त्याच पट्टीचा दोन इंचाचा तुकडा पार्सलमध्ये टाका. तो ब्लेडने खोलवर खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी खरवडलेल्या रेघेवर तांबूस गंज दिसला तर पट्टी लोखंडी आहे. शुद्ध निकेलची रेघ तशीच चकचकीत राहते.

आणखी दोन गोष्टी लेखी घ्या: तापमान मोजणारा छोटा सेन्सर पुन्हा सेलला चिकटवणार का, आणि चिपमधली जुनी क्षमता बदलून नवी नोंदवणार का. दुसरी गोष्ट राहून गेली, तर नवे सेल असूनही चिप जुन्या कमी क्षमतेचाच हिशेब धरते आणि टक्केवारी भलतीच दिसते.

पॅकिंग आणि पाठवणी

पॅक पूर्ण चार्ज करून पाठवू नका आणि पूर्ण उतरवूनही नाही. चार्ज २० ते ३० टक्के ठेवा. भरलेल्या पॅकला वाटेत काही झालं तर धोका मोठा असतो. पूर्ण उतरलेला पॅक पार्सलमध्ये दोन आठवडे पडून राहिला तर चिपलाच वीज कमी पडते आणि ती झोपते किंवा कुलूपबंद होते.

बॅटरीच्या बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा. मग बॅटरी झिपच्या प्लास्टिक पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह घाला, बबल रॅपचे दोन-तीन वेढे द्या आणि जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ती हलणार नाही अशी बसवा. पावसाळ्यात खोक्यावर बाहेरूनही प्लास्टिक हवंच. त्याच पिशवीत किल्ल्या, स्क्रू किंवा अ‍ॅडॅप्टर टाकू नका.

काउंटरवर ‘लॅपटॉपचा पार्ट’ असं मोघम लिहिणं धोक्याचं आहे. आत लिथियम-आयन बॅटरी आहे हे सांगा आणि रस्त्याने जाणारी सेवा मागा. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. मालवाहू विमानातही तिचा चार्ज ३० टक्क्यांच्या आत असावा लागतो. स्पीड पोस्टची पिशवी विमानाने जाऊ शकते, म्हणून बॅटरीसाठी ती वाट धरू नका.

जून ते सप्टेंबरमध्ये आंबा, करूळ, आंबोली घाटांत दरड आली की पार्सल अडकून पडतं. गणपतीच्या आधीही गाड्या आणि गोदामं भरलेली असतात. निकड नसेल तर हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा.

पाठवण्याआधी लेबल, सिरियल नंबर आणि चारही बाजूंचे फोटो काढा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजनही करून लिहून ठेवा. लॅपटॉपच पाठवायला सांगितलं तर हार्ड डिस्क किंवा एसएसडी काढून घेतल्याशिवाय देऊ नका.

परत आल्यावर फक्त रिपोर्टवर भरवसा ठेवणं

बॅटरी रिपोर्टमधले आकडे चिप सांगते, आणि चिपमधले आकडे सेल न बदलताही बदलता येतात. म्हणून तीन तपासण्या स्वतः करा.

पहिली वजनाची. चांगला १८६५० सेल साधारण ४४ ते ४९ ग्रॅमचा असतो. सहा सेलच्या पॅकचं वजन आधीपेक्षा ४०-५० ग्रॅमने घटलं असेल तर आत हलके, निकृष्ट सेल आहेत असं समजा.

दुसरी बसण्याची. झाकणाचा सांधा सलग हवा, बॅटरी खटकन बसली पाहिजे आणि लॅपटॉप टेबलावर डुगडुगता कामा नये. सांधा नुसत्या ग्लू गनच्या गोंदाने भरला असेल तर तो उष्णतेने सुटतो.

तिसरी खऱ्या क्षमतेची. वीज मोजणारा प्लग घ्या. बॅटरी वापरून लॅपटॉप आपोआप बंद पडू द्या आणि मग बंद ठेवूनच पूर्ण चार्ज करा. अ‍ॅडॅप्टर आणि चार्जिंगमध्ये काही वीज वाया जाते, त्यामुळे ४८ वॅट-तासांच्या पॅकला प्लगवर साधारण ५५ ते ६५ वॅट-तास दिसायला हवेत. ३० च्या आसपासच चार्ज पूर्ण झाला तर रिपोर्ट काहीही म्हणो, क्षमता कमी आहे.

पहिला चार्ज दिवसा, तुम्ही घरात असताना, फरशीवर ठेवून करा. पॅक हाताला कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल किंवा गोडसर, थिनरसारखा वास आला तर लगेच चार्जर काढा, आणि जवळ जाणं सुरक्षित असेल तरच बॅटरी बाहेर न्या.

टक्केवारी नीट दिसण्यासाठी एक फेरी लागते: पूर्ण चार्ज, दोन तास विश्रांती, चार्जर काढून बंद पडेपर्यंत सलग वापर, पाच तास विश्रांती, पुन्हा पूर्ण चार्ज. शेवटच्या चार्जमध्ये लाईट गेली तर ती आल्यावर चार्ज पूर्ण करा, मध्येच लॅपटॉप वापरायला घेऊ नका. अशा दोन फेऱ्यांनंतरही लॅपटॉप ३०-४० टक्क्यांवर अचानक बंद पडत असेल, तर एखादी जोडी कमजोर आहे किंवा चिपमध्ये नवी क्षमता नोंदवलेली नाही. वजन, प्लगचा आकडा आणि जुना-नवा रिपोर्ट एकत्र जोडून वॉरंटीच्या मुदतीत लेखी तक्रार करा.

काढलेले जुने सेल परत मागवू नका, त्यांचा फोटो मागा. बॅटरी कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाहीत, आणि त्यांची दुरुस्ती किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. पैसे भरण्याआधीच सर्व्हिसकडे ती नोंदणी आहे का आणि जुने सेल कुठे देतात हे विचारून घ्या.