साकाइमिनातोचा पुतळ्यांचा रस्ता कसा पाहावा

जपानच्या तोत्तोरी प्रांतातील साकाइमिनातो या मासेमारीच्या गावात मिझुकी शिगेरू (1922–2015) यांचे बालपण गेले. त्यांच्या 'गेगेगे नो कितारो' या चित्रकथेतील पात्रांचे आणि जपानी लोककथांतील योकाईंचे, म्हणजे भुताखेतांचे, पावणेदोनशेहून अधिक कांस्य पुतळे येथील बाजाररस्त्यावर आहेत. ओस पडत चाललेल्या या बाजारपेठेत पुन्हा वर्दळ यावी म्हणून 1993 मध्ये 23 पुतळ्यांनी सुरुवात झाली.

ओकायामाहून 'याकुमो' गाडीने साधारण सव्वादोन तासांत योनागो गाठावे आणि तेथे साकाई मार्गिकेची गाडी धरावी. ती फलाट क्रमांक शून्यावरून सुटते. जपानीत शून्यालाही 'रेई' म्हणतात आणि आत्म्यालाही, हा श्लेष लक्षात ठेवला तर प्रवासाचा सूर तेथेच लागतो. पुढच्या पाऊण तासात प्रत्येक स्थानकाला एकेका योकाईचे टोपणनाव दिलेले दिसेल. विमानतळाजवळचे स्थानक बेतोबेतो-सानचे आहे. अंधारात मागून नुसता पावलांचा आवाज करत येणाऱ्या या योकाईला बाजूला सरून "आपण पुढे व्हा" असे म्हटले की तो निघून जातो. पिंपळावरच्या मुंज्याच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या वाचकाला हा शिष्टाचार फारसा परका वाटू नये.

स्थानकाबाहेर चित्र काढत बसलेल्या मिझुकींचा पुतळा आहे. सुरुवात तेथूनच करावी. तेथून रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या मिझुकी संग्रहालयापर्यंतचे अंतर जेमतेम 800 मीटर असल्यामुळे अर्ध्या तासात सारे उरकेल असा समज होतो, परंतु येथे मान वर करून पाहण्याजोगे फारसे काही नाही. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारातला लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' दुरूनही नजरेत भरतो. येथील बहुतेक पुतळे मात्र हातभर किंवा त्याहूनही लहान आहेत आणि वाकल्याशिवाय, प्रसंगी उकिडवे बसल्याशिवाय, त्यांचे चेहरे कळत नाहीत. म्हणून जाताना एक बाजू आणि येताना दुसरी बाजू पाहावी आणि हाताशी निदान तीन तास ठेवावेत. अझुकी-आराई हा नदीकाठी लाल चवळीसारखे दाणे धुणारा योकाई आणि कोनाकी-जिजी हा तान्ह्या बाळासारखा रडणारा म्हातारा, या दोघांपाशी मुद्दाम थांबावे. चित्रकथेचा नायक कितारो याचे वडील म्हणजे हातपाय फुटलेला एक डोळा. तो शोधायला मुले सोबत असलेली बरी, कारण त्यांची नजर मुळातच त्या उंचीवर असते.

पर्यटन केंद्रात मिळणारी ठिकठिकाणचे शिक्के उमटवून घेण्याची वही घ्यावी, पण सगळे शिक्के जमवण्याच्या नादात पुतळे पाहायचे राहून जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

संग्रहालय रस्त्याच्या टोकाशी पोहोचल्यावर पाहावे. तेथे मिझुकींच्या आयुष्याची ओळख होते. त्यांना लहानपणी भुताखेतांच्या गोष्टी सांगणारी शेजारची म्हातारी नोन्नोन्बा आणि दुसऱ्या महायुद्धात पापुआ न्यू गिनीतील राबाउल येथे त्यांनी गमावलेला डावा हात यांविषयी कळले, की परतीच्या वाटेवर हे पुतळे निराळे दिसू लागतात. दुकाने लवकर मिटत असल्याने खरेदी आधी उरकावी, मात्र गावातून लगेच निघू नये. 2018 च्या नूतनीकरणानंतर अंधार पडल्यावर पदपथावर योकाईंच्या सावल्या पाडल्या जातात आणि आपण चालत असलेल्या फरशीवरच एखादी आकृती पायांशी येऊन थांबते.