उधारीची वही : परदेशात वारसा जपणारी छोटी संस्था कशी उभी करावी

संस्था काढायची आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारणारे फोन मला वर्षातून चार-पाच तरी येतात. कोणी बर्मिंगहॅमहून, कोणी स्लाउहून. बहुतेकांचं नाव ठरलेलं असतं, बोधचिन्हही तयार असतं. मी एवढंच विचारते, "पहिली मुलाखत कोणाची घेणार?" तिकडून जरा वेळ काही उत्तर येत नाही.

म्हणून हा क्रम लिहून ठेवते. आधी माणूस, मग वस्तू, मग नोंदणी. मी हे उलटं केलं, आणि त्याची भरपाई आता होणार नाही.

मी १९८८ साली लग्न होऊन इंग्लंडमध्ये लेस्टरला आले. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक गुजराती मासी राहायच्या. युगांडात जिंजाला त्यांच्या सासऱ्यांचं दुकान होतं. 'दुका' म्हणायच्या त्या. इदी अमीनने ऑगस्ट १९७२मध्ये आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा दोन मुलं आणि तीन बॅगा घेऊन मासी निघाल्या. दागिने विमानतळाच्या वाटेवरच गेले. उधारीची वही राहिली, कारण ती कोणालाच नको होती. लाल कापडात बांधलेली, अक्षर गुजराती, गिऱ्हाइकांची नावं तिथल्या माणसांची. नावापुढे मीठ, रॉकेल, कापड आणि शिलिंगांचे आकडे. ही माणसं कोण, असं मी एकदा सहज विचारलं, तर मासी पानावर बोट ठेवून एकेकाचं सांगायला लागल्या. हा सायकली दुरुस्त करायचा. ही अंडी आणून द्यायची, तिच्याकडून पैसे कधी घेतले नाहीत. ह्याच्या मुलाची शाळेची फी बाबूजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, भरली होती.

संस्था काढायची हे त्या संध्याकाळी माझ्या मनात पक्कं झालं. मग आठ महिने मी घटनेचा मसुदा, विश्वस्तांची नावं आणि बँकेचं खातं यांतच घालवले. मासींना म्हटलं, सगळं मार्गी लागलं की रीतसर बसू. सगळं मार्गी लागलं तेव्हा त्यांना पक्षाघात होऊन वाचा गेलेली होती. वहीत चाळीसएक नावं आहेत. त्यातल्या सात जणांचं मला आठवत होतं, तेवढं मी लिहून ठेवलं.

तेव्हा तुमच्या ओळखीत ऐंशीच्या पुढचं जे कोणी असेल, त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. नोंदणी क्रमांक लागत नाही. फोनवर रेकॉर्डिंग केलं तरी चालेल, फक्त फोन विमान-मोडवर ठेवा. पुढे शे-दीडशे पौंड जमले की साधा डिजिटल रेकॉर्डर घ्या आणि डब्ल्यूएव्ही फॉरमॅटमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्ड करा. एमपी३ ऐकायला ठीक आहे, पण मूळ प्रत म्हणून ती ठेवू नका. त्यात आवाजाचा काही भाग कायमचा गळतो.

खोली निवडताना कानाने निवडा. फ्रिजची घरघर आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक रेकॉर्डिंगमध्ये ऐन शब्दांवर येते. कुकर लावू देऊ नका. पाहुण्याला जेवल्याशिवाय पाठवायचं नाही म्हणून आजी तो लावणारच, तेव्हा जेवण मुलाखतीनंतर करायचं हे आधीच ठरवून घ्या. मुलगा-सून घरात असतील तर दुसऱ्या खोलीत बसू द्या. "आई, तसं नव्हतं ते," हे एक वाक्य आलं की आई पुढचं बोलायची थांबते.

प्रश्न लहान ठेवा, हाताला लागेल अशा गोष्टीचे ठेवा. "फाळणीबद्दल काय वाटतं?" असं विचारलं तर वर्तमानपत्रातलं उत्तर मिळतं. "घरातून निघालात तेव्हा चूल पेटलेली होती का?" असं विचारा. "पहिला पगार पाकिटात मिळाला का? ते पाकीट कोणाच्या हातात दिलंत?" या प्रश्नावर आमच्याकडे एका पंजाबी आजींनी पाऊण तास सांगितलं. नवरा, सासू, दीर, सगळं घर त्यात आलं.

जायच्या आधी वाचून जा. लेस्टरच्या कारखान्यांतल्या बायकांशी बोलायचं तर १ मे १९७४ रोजी इम्पीरियल टाइपरायटर्समध्ये सुरू झालेला संप माहीत हवा. १६८ यंत्रांमागे ठरलेला बोनस प्रत्यक्षात २०० यंत्रांमागे मिळतो, ही आशियाई कामगारांची एक मुख्य तक्रार होती. हे दोन आकडे तुम्हाला ठाऊक आहेत हे समोरच्या बाईला कळलं की ती तुम्हाला समजावून सांगायचं सोडते आणि बोलायला लागते. लंडनमध्ये असाल तर ग्रनविक या फोटो धुणाऱ्या कंपनीतला १९७६ ते १९७८चा संप आणि त्याच्या नेत्या जयाबेन देसाई यांच्याविषयी वाचा.

शांतता आली तर ती भरून काढू नका. मनात वीस मोजा. रडू आलं तर रेकॉर्डर बंद करायचा का, हे त्यांना विचारा, तुम्ही ठरवू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा. फाळणीच्या आठवणी सांगितल्यावर माणसांना रात्री झोप लागत नाही, हे मी पाहिलं आहे. तो फोन मी मुलाखतीचाच भाग समजते.

भाषा त्यांची असू द्या. इंग्रजीत विचारलं की माणूस कचेरीत बसल्यासारखं उत्तर देतं. आम्ही सुरुवातीचे पाच विश्वस्त: दोन गुजराती, एक पंजाबी, एक बांगलादेशातल्या सिल्हेटच्या ताई आणि मराठी मी. ज्यांची भाषा त्यांनी मुलाखत घ्यायची. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला सहा ते आठ तास लागतात. तेवढी माणसं नसतील तर दर पाच मिनिटांत काय आलं याचा सारांश वेळेसकट लिहा.

संमती दोनदा घ्या. आधी, हे काय आहे आणि कशासाठी, यासाठी. नंतर, जे बोललं गेलं त्याचं काय करायचं, यासाठी. कारण बोलून झाल्याशिवाय आपण काय बोलणार हे कोणालाच माहीत नसतं. इथल्या कायद्यात बोललेल्या शब्दांवर बोलणाऱ्याचा हक्क असतो, म्हणून दुसऱ्या कागदावर तो हक्क तुम्हाला दिला आहे की फक्त वापराची परवानगी आहे, हे त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. एखादा भाग वीस वर्षं बंद ठेवा म्हणाले तर ठेवा.

मुलाखत संपली की बहुधा ट्रंक उघडते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने नावं लिहा, पेनाने नाही. चिकटपट्टी कधीही लावू नका. चिकट पानांच्या अल्बमातले फोटो ओढून काढू नका, आहे तसं पानच स्कॅन करा. स्कॅन ६०० डीपीआयला, टिफ फाइलमध्ये. मूळ वस्तू सध्या त्यांच्या घरीच राहू दे. प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. जुन्या मंडळांच्या कपाटांतल्या स्मरणिकाही मागा. त्यातला अध्यक्षांचा संदेश वाचला नाही तरी चालेल, पण जाहिराती वाचा. मसाल्यांचं दुकान आपल्या गावात कधी आणि कोणत्या रस्त्यावर निघालं, ते तिथे सापडतं.

आता नोंदणी. इंग्लंड आणि वेल्समध्ये चॅरिटी कमिशनकडे 'सीआयओ' (चॅरिटेबल इनकॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन) या प्रकारात अर्ज करा. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियामक वेगळे आहेत. सीआयओला उत्पन्न कितीही कमी असलं तरी नोंदणी करावीच लागते, पण कर्ज झालं तर ते सहसा विश्वस्तांच्या अंगावर येत नाही. कमिशनची नमुना घटना वापरा, आपली नवी लिहू नका. किमान तीन विश्वस्त घ्या, सगळे एकाच घरातले नकोत. २०११च्या चॅरिटीज कायद्यात कला, संस्कृती आणि वारसा हा उद्देश स्पष्ट लिहिलेला आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात 'आपल्या लोकांसाठी' असं होतं. एका वकीलबाईंनी ते खोडलं आणि 'सर्व जनतेच्या शिक्षणासाठी' असं लिहिलं. बदल कायद्यासाठी होता, पण त्याने आमचं कामच बदललं.

पैसे: सभासदांच्या देणग्यांवर गिफ्ट एड घ्या. देणगीदार इथे कर भरत असेल तर प्रत्येक पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स मिळतात. दिवाळीच्या जेवणाचं तिकीट ही देणगी धरत नाहीत, त्यावर मागू नका. मोठ्या प्रकल्पासाठी नॅशनल लॉटरी हेरिटेज फंडाकडे जा, पण दहा-बारा मुलाखती हातात घेऊन जा. अनुदानातून झालेलं साहित्य साधारणपणे सर्वांना खुलं करावं लागतं, ही अट संमतीपत्राच्या वेळीच लोकांना सांगा.

'साऊथ एशियन' हा शब्द नावात घेतलात तर तो पाळा. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, इटलीत लढले. घरोघरी सैनिक असलेलं आमच्या भागातलं मिलिटरी अपशिंगे हे गाव सातारकरांना सांगायला नको. सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांबद्दल नोव्हेंबरात, युद्धस्मरणाच्या दिवसांत, इथल्या शाळांत बोलताना माझा ऊर भरून येतो. पण त्याच टेबलावर पंजाबी, गुरखा आणि बांगला खलाशांचे फोटो नसतील तर मी ते मांडत नाही. मशिदीत, गुरुद्वाऱ्यात, तमिळ शाळेत स्वतः जाऊन बसा. पत्र पाठवून कोणी येत नाही.

साऊथ एशियन हेरिटेज मंथ २०२० साली सुरू झाला, तेव्हा तारखा १८ जुलै ते १७ ऑगस्ट अशा ठरल्या: पहिल्या दिवशी १९४७ साली भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्याला राजाची संमती मिळाली, शेवटच्या दिवशी रॅडक्लिफने आखलेली भारत-पाकिस्तान सीमा जाहीर झाली. त्या दिवसांत आमच्याकडच्या शाळा सुटलेल्या असतात. म्हणून शाळांतलं प्रदर्शन आम्ही जूनमध्येच करतो आणि उन्हाळ्यात वाचनालयांत. फलक चारच, पण मुलांना हातात धरता येईल अशी एक वस्तू, निदान तिची हुबेहूब प्रत, हवीच.

आमच्या प्रदर्शनात मासींच्या वहीची प्रत असते आणि तिच्याशेजारी लेस्टरच्या नगरपालिकेने १५ सप्टेंबर १९७२ रोजी 'युगांडा आर्गस'मध्ये छापलेली जाहिरात. लेस्टरला येऊ नका, असं तीत सांगितलं होतं. ब्रिटनमध्ये त्या वेळी सुमारे २८,००० माणसं आली आणि त्यातली हजारो लेस्टरलाच आली. मुलं आधी जाहिरात वाचतात, मग वही उघडतात.

शेवटचं काम लोक विसरतात: सगळं सरकारी अभिलेखागारात द्या. संस्था बंद पडतात, विश्वस्त गाव सोडतात. आमचं साहित्य लेस्टरजवळच्या विगस्टनच्या रेकॉर्ड ऑफिसकडे आहे. देताना कुटुंबाची सही, वस्तूचं वर्णन आणि तिची गोष्ट एका पानावर द्या.

वही द्यायच्या दिवशी मासींची नात आली होती. तिला गुजराती वाचता येत नाही. आमच्यातले एक काका शेजारी बसून एकेक नाव मोठ्याने वाचत गेले आणि ती इंग्रजीत लिहीत गेली. सायकलवाल्याचं नाव आलं तेव्हा मी तिला थांबवलं आणि त्याचं सांगितलं. सात नावांना असं थांबलो. बाकीच्यांपुढे तिने रेघ ओढून जागा मोकळी सोडली आहे.