प्राँगहॉर्नच्या शिकारीसाठी काडतूस आणि बुलेट कशी निवडायची

प्राँगहॉर्न म्हणजे अमेरिकेच्या माळरानावरचं, काळविटासारखं दिसणारं जनावर. आपल्याकडे काळवीट मारायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी, त्यामुळे हे फक्त अमेरिकेत राहणाऱ्या आणि वायोमिंग राज्यात लायसन्स आणि टॅग (एक जनावर मारायची परवानगी) काढून जाणाऱ्यांसाठी. एच वन बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर बंदुकीला हात लावायच्या आधी वकिलाशी बोला, हंटिंग लायसन्स नसताना काडतूस नुसतं जवळ ठेवलं तरी फेडरल कायद्यात अडकू शकता.

आधी जनावर समजून घ्या. प्राँगहॉर्नचा मोठा नर साधारण ५० किलोचा, म्हणजे त्याला मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस, अजिबात लागत नाही. अडचण आहे ती उघड्या माळाची आणि वाऱ्याची. सेजब्रशच्या झुडपांशिवाय आडोसा नाही, जनावराची नजर जबरदस्त, त्यामुळे २००-३०० यार्डांवरून गोळी झाडावी लागते आणि वारा तर दिवसभर कानात घोंघावत असतो.

म्हणून काडतूस असं घ्या जे सपाट जातं आणि खांद्याला धक्का कमी देतं, कारण धक्क्याला घाबरून घोडा झटक्यात ओढला की नेम गेलाच. .२४३ विंचेस्टर, .२५-०६ रेमिंग्टन, ६.५ क्रीडमोर, .२७० विंचेस्टर, यातलं कुठलंही चालतं. नवीन माणसाला मी ६.५ क्रीडमोरच सांगतो, त्याच्या लांबट बुलेटला वारा कमी ढकलतो. घरात .२७० पडून असेल तर मात्र नवीन रायफलवर पैसे घालू नका, १३० ग्रेनची (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप) बुलेट घ्या आणि निघा.

आता बुलेट, म्हणजे काडतुसाच्या टोकाची, नळीतून बाहेर जाणारी गोळी, आणि लोक इथेच चुकतात. कॅलिबरवर (गोळीच्या जाडीवर) तासन् तास वाद घालतात आणि बुलेट दुकानात जी स्वस्त दिसेल ती उचलतात. मीही पहिल्या वर्षी .२४३ मध्ये ५८ ग्रेनची व्हार्मिंट बुलेट, म्हणजे छोट्या उपद्रवी जनावरांसाठीची, लागताच फुटणारी, नेली होती. ती फऱ्याच्या हाडावर फुटली, आत गेलीच नाही, ते जनावर तीन पायांवर टेकडीपलीकडे गेलं आणि आम्ही अंधार पडेपर्यंत शोधत होतो. अजून डोळ्यांसमोर येतं. तेव्हा पाकिटावर डिअर किंवा बिग गेम लिहिलेलीच घ्या, .२४३ ला ९५-१०० ग्रेन, ६.५ ला १२० ते १४३. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिसं चालत नाही, तिथे तांब्याची लागते, ती थोडी हलकी घ्या म्हणजे वेग राहतो आणि बुलेट नीट उमलते.

मग दोन-तीन ब्रँडची एकेक पाकीट आणून आपल्याच रायफलमधून मारून बघा, शेजाऱ्याच्या रायफलला जी आवडते ती तुमच्या रायफलला आवडेलच असं नाही. जिचा ग्रुप घट्ट येईल, म्हणजे भोकं जवळजवळ पडतील, तिची अजून पाकिटं घ्या, २०० यार्डांवर झिरो करा, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर लागेल अशी दुर्बीण लावा, ३०० वर .२७० ची गोळी सहा-सात इंच खाली लागते हे कागदावर स्वतः बघा. सराव टेबलावरून नको, बसून किंवा बायपॉडवरून (रायफलच्या दोन पायांच्या टेकूवरून), वारा असलेल्या दिवशी, आठ इंचाच्या प्लेटवर. ज्या अंतरावर पाचपैकी पाच लागतात तेच तुमचं अंतर, मग ते १५० यार्ड असलं तरी.