रोबो-कार चालत नाही? कोडला हात लावण्याआधी या चुका तपासा

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आमच्याकडे गोरेगावला राहायला आली होती. सातवीतली मुलगी. आम्ही दोघं ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून रोबो-कारचं किट घेऊन आलो: दोन पिवळ्या बीओ मोटरी, अ‍ॅक्रिलिकची चासी, गाडीचा मेंदू असलेला आर्डुइनो उनो बोर्ड, मोटरींना वीज पोचवणारा एल२९८एन ड्रायव्हर, अंतर मोजायचा अल्ट्रासोनिक सेन्सर, तो फिरवायला छोटा सर्व्हो आणि ब्लूटूथ मॉड्यूल. संध्याकाळपर्यंत गाडी उभी राहिली. लॅपटॉपच्या वायरवर बोर्ड व्यवस्थित बोलत होता. पण बॅटरी लावून जमिनीवर ठेवली की एक झटका, बोर्डावरचा दिवा लुकलुकणार, पुन्हा झटका, पुन्हा दिवा.

"मामा, माझा कोड चुकलाय," ती म्हणाली आणि पुढचे दोन दिवस तिने कोड सहा वेळा नव्याने लिहिला. मी तिला थांबवायला हवं होतं. कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होता. चूक होती ती किटसोबत आलेल्या नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत.

त्यानंतर सोसायटीतल्या बऱ्याच मुलांच्या बंद पडलेल्या गाड्या आमच्या टेबलावर आल्या. त्या पाहून माझं मत पक्कं झालं आहे: आधी मल्टिमीटर, मग स्क्रू-ड्रायव्हर, आणि कोड सगळ्यात शेवटी.

वीज पुरत नाही, आणि दोष कोडवर जातो

ती चौकोनी बॅटरी मल्टिमीटर किंवा धुराचा अलार्म अशा थोड्याशा विजेवर चालणाऱ्या वस्तूंसाठी असते. मोटर उभ्या जागेवरून सुटताना, चालू असतानापेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते. बॅटरीला तो देता येत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि आर्डुइनो रीसेट होतो. रीसेट झाला की प्रोग्राम पहिल्या ओळीपासून सुरू, पुन्हा मोटर चालू, पुन्हा रीसेट. झटके यायचे ते यामुळे. नुसती बॅटरी मोजली तर मीटर छान नऊ दाखवतो, म्हणून फसगत होते. मोजायचं ते चाकं फिरत असताना, ड्रायव्हरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर. चाक हाताने किंचित दाबा आणि आकडा किती खाली येतो ते बघा.

चार पेन्सिल सेल लावले तर? सहा व्होल्ट मिळतात, पण एल२९८एन हा जुन्या धाटणीचा ड्रायव्हर आहे, तो स्वतःच सुमारे दोन व्होल्ट खातो. मोटरीपर्यंत चारच पोचतात. रिचार्ज होणारे सेल असतील तर मुळात ४.८ व्होल्ट, म्हणजे मोटरीला तीनसुद्धा नाहीत. मग मोटर हूं हूं करत राहते, गाडी जागची हलत नाही. शिवाय ड्रायव्हरवरच्या रेग्युलेटरला नीट पाच व्होल्ट द्यायला वरून सातच्या आसपास लागतात. ते मिळाले नाहीत की सेन्सर वेडेवाकडे आकडे देतो आणि आपण पुन्हा कोडमध्ये डोकं घालतो. १८६५० मापाचे दोन लिथियम सेल एकामागे एक जोडले की ७.४ व्होल्ट मिळतात. या गाडीला ते नेमके पुरतात. त्यांचे धोके वेगळे आहेत, ते पुढे सांगतो.

दुसरी चूक ग्राउंडची. मोटरीला एक बॅटरी, आर्डुइनोला दुसरी किंवा पॉवर बँक, आणि दोघांचे निगेटिव्ह एकमेकांना जोडलेलेच नाहीत! बोर्डाने पाठवलेला पाच व्होल्टचा सिग्नल कशाच्या तुलनेत पाच, हे ड्रायव्हरला कळणार कसं? गाडी कधी चालते, कधी नाही, बोट लावलं की चालते, अशी लक्षणं दिसली तर आधी ही एक काळी वायर शोधा.

ड्रायव्हरवरचे जंपर

एल२९८एनवर तीन छोट्या काळ्या टोप्या असतात, त्यांनाच जंपर म्हणतात. मुलं त्या काढून बघतात आणि हरवतात. बारा व्होल्टपर्यंतच्या बॅटरीवर रेग्युलेटरची टोपी जागेवर हवी. ती काढली आणि पाच व्होल्ट बाहेरून दिले नाहीत, तर चिपचा मेंदूच बंद. उरलेल्या दोन टोप्या एनेबलच्या, म्हणजे ईएनए आणि ईएनबीच्या. त्या बसवलेल्या असतील तर मोटर कायम पूर्ण वेगात. वेग कमी-जास्त करायचा असेल तर त्या काढून तिथे आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग बदलणाऱ्या) पिनची वायर लावायची. टोपीही नाही आणि वायरही नाही, तर ती बाजू मेलेलीच राहणार.

कोणतीही पिन चालत नाही, हे मात्र नीट समजून घ्या. उनोवर ज्या पिनच्या आकड्याशेजारी लाटेसारखी खूण आहे त्याच चालतात: ३, ५, ६, ९, १० आणि ११. एका मुलाने वेगाची वायर ७ वर लावली होती. त्याची तक्रार: "काका, वेग १२७ पर्यंत दिला तर गाडी थांबलेली असते आणि १२८ दिला की एकदम सुसाट." तक्रार अगदी अचूक होती. पीडब्ल्यूएम नसलेल्या पिनवर अ‍ॅनालॉग-राइट ही वेगाचा आकडा देणारी सूचना वापरली की आर्डुइनो १२८ च्या खालच्या प्रत्येक आकड्याला बंद समजतो आणि पुढच्या प्रत्येकाला चालू. इतकं बारीक निरीक्षण करणाऱ्या मुलाला मी पुढे काही शिकवायची गरज नव्हती.

सर्व्हो लावला आणि एक चाक गेलं

या चुकीने आमचा एक अख्खा रविवार खाल्ला. गाडी सरळ चालत होती. मग भाचीने सेन्सर डावी-उजवीकडे फिरवायला सर्व्हो बसवला, कोडमध्ये सर्व्होची लायब्ररी, म्हणजे तयार कोड, घेतली आणि एक चाक फिरेनासं झालं. वायर काढून परत लावली, मोटर बदलून पाहिली, ड्रायव्हर बदलला. काही फरक नाही.

कारण चिपच्या पोटात आहे. उनोवरच्या चिपमध्ये तीन टायमर असतात. पहिल्यावर ५ आणि ६ या पिनचा पीडब्ल्यूएम चालतो आणि वेळ मोजायचं कामही, दुसऱ्यावर ९ आणि १०, तिसऱ्यावर ३ आणि ११. सर्व्होची लायब्ररी दुसरा टायमर स्वतःकडे घेते. सर्व्होची वायर प्रत्यक्षात कोणत्याही पिनवर असो, ९ आणि १० वरचा पीडब्ल्यूएम जातो. आमच्या एका मोटरीची वेगाची वायर ९ वर होती. ती ५ वर आणली, दुसरी ६ वर ठेवली, पाच मिनिटांत काम झालं. ३ आणि ११ का नाही? कारण उद्या गाडीला हॉर्न बसवायचा हट्ट होतो, आणि बझर वाजवणारी टोन ही सूचना तिसरा टायमर घेते. म्हणून मोटरीला सुरुवातीपासून ५ आणि ६ द्या.

सर्व्होला वीज आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून दिली आणि तो हलताना बोर्ड रीसेट होऊ लागला, तर त्याच्या वीज-ग्राउंडमध्ये ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा. लावताना त्याचे धन-ऋण पाय उलटे होऊ देऊ नका.

भिंतीवर जाऊन आपटणारी गाडी

अल्ट्रासोनिक सेन्सर आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा वेळ मोजतो. एका सेंटिमीटरला जाऊन-येऊन सुमारे ५८ मायक्रोसेकंद. त्याची पोच चार मीटर, म्हणजे पंचवीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबण्यात अर्थच नाही. पण हा वेळ मोजणाऱ्या पल्स-इन या फंक्शनला मर्यादा दिली नाही तर ते पूर्ण एक सेकंद वाट पाहू शकतं. आता हिशोब करा. चाकाचा व्यास ६५ मिलिमीटर, म्हणजे एका फेरीत सुमारे २० सेंटिमीटर. मोटर मिनिटाला २०० फेरे घेणारी असेल तर गाडी सेकंदाला ६५ सेंटिमीटरच्या वर जाते. तेवढं अंतर ती आंधळी धावते. पल्स-इनला तिसरा आकडा ३०००० (मायक्रोसेकंद) द्या.

आणि प्रतिध्वनी आलाच नाही तर ते फंक्शन शून्य परत देतं. कोड म्हणतो, "अंतर वीसपेक्षा कमी असेल तर मागे ये." शून्य तर वीसपेक्षा कमीच! म्हणून मोकळ्या गॅलरीत गाडी उगाच मागे-मागे येत राहते. शून्य आलं तर त्याचा अर्थ "समोर काही सापडलं नाही" असा कोडमध्ये वेगळा लिहा. पडदा, सोफा, गादी आवाज शोषून घेतात आणि खुर्चीचा बारीक पाय नजरेतून सुटतो, हे सेन्सरचे स्वभावच आहेत. पहिली चाचणी कपाटाच्या सपाट दारासमोर घ्या.

अपलोड होत नाही

ब्लूटूथ मॉड्यूल ० आणि १ या पिनवर असेल तर अपलोड करताना त्या दोन वायरी काढाव्याच लागतात. यूएसबीचं बोलणंही त्याच पिनवरून चालतं. "नॉट इन सिंक" असा संदेश आला की आधी हेच बघा. पोर्टच दिसत नसेल तर वायर फक्त चार्जिंगची आहे का ते तपासा, आणि स्वस्त बोर्ड असेल तर लॅपटॉपवर त्याच्या सीएच३४० या यूएसबी चिपचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाका. एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल आयफोनशी जोडलं जात नाही, त्यात तास घालवू नका, अँड्रॉइड फोन घ्या. फोन जोडला जातो पण गाडी ढिम्म, असं असेल तर अ‍ॅप मोठं एफ पाठवतंय आणि कोड छोट्या एफची वाट बघतोय का ते पाहा.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर घाबरू नका. दोन मोटरी कधीच अगदी सारख्या नसतात. जी जोरात पळते तिच्या वेगाचा आकडा पाच-पाचने कमी करत या. गाडी जागच्या जागी गोल फिरत असेल तर एका मोटरीच्या दोन वायरी अदलाबदल करा. पिवळ्या मोटरीच्या तांब्याच्या पट्ट्या फार नाजूक असतात, वायर ओढली की तुटतात. सोल्डर केल्यावर वायर चासीला झिप टायने बांधून टाका म्हणजे ताण पट्टीवर येणार नाही.

सेलशी खेळ नको

१८६५० सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. वेष्टनावर ९९०० एमएएच असं छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊ नका, या मापाच्या सेलमध्ये तेवढी क्षमता मावतच नाही. जिथे छापील आकडाच खोटा, तिथे आतल्या मालाचा भरवसा कसा धरायचा? दोन्ही सेल एकाच वेळी घेतलेले, एकाच जातीचे असावेत. चार्जिंग फक्त लिथियमच्या चार्जरवर, घरात कोणी जागं असताना, गादीपासून दूर. सेल दप्तरात किंवा खिशात किल्ल्यांसोबत मोकळा टाकू नये, हे मुलांना दोनदा सांगा.

भाची जूनमध्ये परत गेली तेव्हा आम्ही सेल काढून प्लास्टिकच्या डबीत ठेवले आणि गाडी झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून. मुंबईच्या पावसाळी हवेत उघड्यावर राहिलेल्या गाडीचे स्क्रू गंजतात आणि जंपरच्या पिना काळवंडतात. गणपतीच्या सुट्टीत ती आली की आधी प्रत्येक वायर दाबून बसवायची, मग सेल मोजायचे, आणि मगच लॅपटॉप उघडायचा, असं डब्याच्या झाकणावर तिनेच स्केचपेनने लिहून ठेवलं आहे.