शिक्का १४०० चा, भाषा तीन: ऑडिट लॉग एकत्र करताना या चुका टाळा

रेड हॅटच्या मशीनवर एसई-लिनक्स, उबंटूवर ॲपआर्मर आणि कोपऱ्यात टायझनचं एखादं उपकरण असेल तर त्यावर स्मॅक. कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या लिनक्सच्या या तीन सुरक्षा यंत्रणा. तिघांचेही नकार कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) एकाच ऑडिट, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्या, यंत्रणेतून बाहेर पडतात आणि तिघांवर प्रकार क्रमांक १४०० चाच शिक्का असतो. तो पाहून ‘चला, सगळं एकाच टेबलात ओतू’ असं वाटतं. मीही ओतलं होतं.

उबंटू सर्व्हर रीबूट झाला की आमचा ‘नकारां’चा आलेख ताडासारखा उंच व्हायचा. दोन दिवस घुसखोर शोधला. निघालं काय, तर प्रोफाइल (एखाद्या प्रोग्रामची नियमावली) लोड करतानाही ॲपआर्मर १४०० चीच नोंद टाकतो. फक्त तिथे ‘डिनाइड’ऐवजी ‘स्टेटस’ लिहिलेलं असतं, आणि आम्ही नुसता क्रमांक मोजत बसलो होतो.

पण खरी गोची शब्दांची आहे. एसई-लिनक्स परमिसिव्ह, म्हणजे न अडवता नुसतं नोंदवण्याच्या मोडमध्ये, असताना नोंदीत ‘डिनाइड’च येतं; ओळीच्या शेवटी ‘परमिसिव्ह=१’ असतं, म्हणजे काम अडलेलं नाही. ॲपआर्मर कम्प्लेन या तशाच मोडमध्ये असेल तर तशाच प्रसंगाला तो ‘अलाउड’ म्हणतो: नियमात बसत नव्हतं, पण जाऊ दिलं. आता ‘डिनाइड’ शोधणारी क्वेरी चालवा. पहिल्याच्या न अडलेल्या घटना मोजल्या जातील आणि दुसऱ्याच्या सगळ्या निसटतील. म्हणून टेबलात दोन वेगळे रकाने ठेवा: धोरणात बसत होतं का, आणि प्रत्यक्षात अडवलं का. उत्तर त्या ओळीतूनच काढा, मशीनच्या सेटिंगमधून नको; एसई-लिनक्समध्ये एखादं डोमेन (प्रोसेसला दिलेला प्रकार) तेवढं परमिसिव्ह ठेवलेलं असू शकतं. मूळ ओळही जपा. पुढेमागे पार्सर (ओळीचे भाग वेगळे करणारा कोड) चुकलेला निघतोच.

ॲपआर्मरचं प्रोफाइल एसई-लिनक्सच्या कॉन्टेक्स्टच्या (वापरकर्ता, भूमिका, प्रकार, स्तर अशा लेबलच्या) रकान्यात कोंबू नका, दोन्हींची जात वेगळी. कॉन्टेक्स्ट तोडताना पहिल्या तीनच अपूर्णविरामांवर (:) तोडा. शेवटच्या भागात, ‘एस०:सी१,सी२’ मध्ये असतं तसं, तेच चिन्ह पुन्हा येतं.

एका घटनेच्या अनेक ओळी असतात: एव्हीसी (निर्णय), सिसकॉल (कर्नलकडे केलेली मागणी), पाथ (फाइलचा पत्ता). त्यांना जोडतो तो वेळेमागचा अनुक्रमांक. पण रीबूटनंतर तो नव्याने मोजला जातो आणि प्रत्येक मशीनचा वेगळा असतो. तेव्हा मशीनचं नाव, वेळ आणि क्रमांक, तिन्ही मिळून किल्ली करा.

मराठी नावाच्या फाइली असतील तर आणखी एक गंमत. ‘अहवाल’ नावाची फाइल लॉगमध्ये ‘ई०ए४८५’ने सुरू होणाऱ्या हेक्स (सोळाच्या पायाच्या अंकांच्या) माळेसारखी दिसते, त्यातली पहिली सहा चिन्हं म्हणजे एकटा ‘अ’. नावात मोकळी जागा असली तरी हेच होतं. खूण सोपी आहे: नाव दुहेरी अवतरणात असेल तर जसंच्या तसं घ्या, नसेल तर हेक्स समजून उलगडा. सरसकट उलगडायला गेलात तर ‘डीईएडी’सारखी अवतरणातली साधी नावंही बिघडतील.

आणि नोंदच सापडत नसेल तर? उबंटूवर ऑडिट-डी (नोंदी फाइलमध्ये लिहिणारा प्रोग्राम) आपसूक येत नाही. मग नोंदी कर्नल लॉगमध्ये जातात, तिथे लिहिण्याच्या वेगाला मर्यादा आहे. ‘कॉलबॅक्स सप्रेस्ड’ अशी ओळ दिसली की काही नोंदी गेल्या समजा. एसई-लिनक्सचे ‘डोंटऑडिट’ नियम नकार मुकाट्याने गिळतात. ‘सेमॉड्यूल -डीबी’ने ते उघडे पडतात, काम झालं की ‘-बी’ने पूर्ववत करा, नाहीतर लॉग तुंबेल. ॲपआर्मरमध्ये प्रोफाइलमध्ये स्पष्ट ‘डिनाय’ लिहिलेलं असेल तर तो नकारही नोंदवला जात नाही; त्याच्यापुढे ‘ऑडिट’ जोडावं लागतं. स्मॅकचं एका आकड्यावर भागतं: त्याच्या ‘लॉगिंग’ फाइलमध्ये १ असेल तर फक्त नकार, ३ असेल तर होकारही, आणि कुणी ० लिहून ठेवलं असेल तर काहीच नाही.